उतारावरचं पावसाचं पाणी: वरून खाली केलेल्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

आधी जागा समजून घ्या. सगळ्यात वर शेड आहे. तिचं छप्पर २४० चौरस मीटर, पाणी डाव्या-उजव्या अंगाला निम्मं निम्मं पडतं. शेडपुढे १८० चौरस मीटरचं काँक्रीटचं आवार. त्याखाली सुमारे ९०० चौरस मीटर मोकळी जमीन, उतार शंभराला सहा. तळाला एक ओघळ आहे, तो पुढे नाल्याला मिळतो. गेल्या हंगामात या ओघळाचा माथा वर सरकत सरकत आवाराच्या कोपऱ्याला टेकला आणि काँक्रीटखालची माती धुऊन निघाली. म्हणून हे काम काढलं.

जो बघायला आला त्याने ओघळ दगडांनी भरून टाकायला सांगितलं. नुकसान तिथे दिसतं, म्हणून बोटही तिथेच जातं. दगड मागवायच्या आधी आम्ही हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाऊस २५ मिमी धरला. छप्पर आणि काँक्रीट यांच्यावरून दहातले नऊ भाग पाणी वाहून येतं, तर आमच्या विरळ गवताच्या जमिनीवरून तीन भाग, असं मानलं. छपरावरून ५,४०० लिटर, आवारावरून ४,०५०, जमिनीवरून ६,७५०. एकूण १६,२००. म्हणजे एक तृतीयांशाहून कमी जागेतून निम्म्याहून जास्त पाणी येतं, आणि तेही लगेच, कारण काँक्रीटवर त्याला अडवायला काहीच नाही. ओघळातले दगड हे पाणी कमी करणार नव्हते. तेव्हा सुरुवात वरून करायची, ओघळ सगळ्यात शेवटी, असं ठरलं. (हा क्रम पुढे एकदा मोडला. ते १९ मार्चच्या आणि २ एप्रिलच्या नोंदीत आहे.)

१६ फेब्रुवारी

पातळ्या घेतल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी वापरतात तीच पद्धत. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, म्हणून प्रत्येक मापाआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते बघायचं. समपातळीच्या जागी खुंट्या ठोकल्या आणि फक्कीने रेघा मारल्या.

आवार डोळ्यांना सपाट वाटतं, पण सगळा उतार एकाच कोपऱ्याकडे आहे. पाणी पसरून उतरलं असतं तर जमिनीने ते सोसलं असतं. इथे ते एका जागी गोळा होऊन पडतं, आणि बरोबर त्याच जागी ओघळाचा माथा आहे.

२४ फेब्रुवारी

पाणी किती वेगाने जिरतं याची चाचणी. खड्डा ३० सेमी खोल घेतला. फावड्याने गुळगुळीत झालेल्या बाजू खिळ्याने खरवडल्या, नाहीतर चिकणमातीवर साय धरल्यासारखा थर राहतो आणि माप खोटं येतं. आदल्या दिवशी खड्डा भरून माती भिजू दिली. कोरड्या जमिनीत पहिलं पाणी भराभर जातं, त्या आकड्यावर विसंबलं तर पुढचं सगळं गणित फसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाला पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजलं.

डाव्या अंगाला पाऊसबाग करायची होती, म्हणजे छपराचं पाणी साठवून जिरवणारी झाडांची उथळ बाग. ती जागा आवाराला लागून होती. तिथे तासाला जेमतेम ३ मिमी. माती तीच, पण त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं गाड्या वळल्या आहेत. पहार मारली की वीतभर खाली ठणठणीत आवाज येतो. तिथून आठ मीटर खाली, जिथे चाक गेलेलं नाही, तासाला २२ मिमी. उजव्या अंगाला छपराचं पाणी जिरवायला खडीने भरलेला चर करायचा होता, त्याचा तळ एक मीटरवर येणार, म्हणून चाचणीही एक मीटर खोलीवर घेतली: १६ मिमी. वरच्या मातीत चाचणी घेऊन खालच्या मातीसाठी आकडा वापरणं बरेच जण करतात. तसं करू नका.

जिरवण्याच्या रचनांसाठी बऱ्याच मार्गदर्शिका तासाला निदान १३ मिमी मागतात. त्याहून कमी असेल तर खाली निचऱ्याचा पाइप घालावा लागतो. आमचं त्या रेषेच्या थोडं वर बसलं. बाग आठ मीटर खाली हलवली. पाइप लांबला, खर्च वाढला, पण पायापासून अंतरही आपोआप वाढलं. ते किमान तीन मीटर तरी हवंच.

मातीची बरणीही करून बघितली: मूठभर माती, पाणी, जोरात हलवून ठेवून दिली. वाळू मिनिटाभरात बसली, पोयटा काही तासांत. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. ती चिकणमाती. कोणतं साधन काय पकडू शकेल हे या बरणीवरून कळतं. दगडी बांध वाळू धरेल, गढूळपणा नाही.

३ मार्च

माती उकरण्याआधी खालच्या बाजूला गाळ अडवणारं कापड लावायला घेतलं. इथे पूर्वीच्या कंत्राटदाराने लावलेल्या कापडाचे अवशेष होते आणि ते नीट बघण्यासारखे होते. त्याने कापड थेट ओघळाच्या तोंडावर आडवं ताणलं होतं. असं कापड धरणासारखं पाणी धरू शकत नाही. त्याचं काम पसरून येणाऱ्या पातळ पाण्याला थोडा वेळ थोपवून गाळ खाली बसू देणं, एवढंच. एकवटलेल्या प्रवाहासमोर ते एकतर फाटतं, नाहीतर खालून उचकटतं. इथे खालून उचकटलं होतं, कारण कापडाची कड मातीत पुरलेलीच नव्हती, नुसती दगड ठेवून दाबली होती.

आम्ही फक्कीच्या समपातळी रेघेवर १५ सेमी खोल चर काढला, कापडाची कड त्यात वळवून घातली, माती टाकून धुमसाने ठोकली. खुंट कापडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाण्याचा दाब आला की कापड खुंटांवर टेकतं. वरच्या अंगाला खुंट ठोकले तर कापड खिळ्यांवर लोंबकळतं आणि सुटतं. दोन्ही टोकं उताराच्या वर वळवली, नाहीतर पाणी कडेने निसटतं. साधारण ३० मीटर कापडामागे १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन नसावी हा नियम. आमचं त्यात बसतं.

कापडामागे गाळ एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की काढायचा. आणि हो, कापडातून गढूळ पाणी पाझरत राहतं. बरणी आठवा. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे.

११ मार्च

ओघळ शेवटी करायचा होता, तरी त्याचा माथा रोज ढासळत होता, त्यामुळे तेवढ्यापुरते दगडी बांध आत्ताच घातले. ओघळाच्या तळाचा उतार शंभराला आठ. बांध मधोमध ४० सेमी उंच. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यायला हवेत, म्हणजे ०.४ भागिले ०.०८, दर पाच मीटरला एक. अंतर जास्त ठेवलं की दोन बांधांच्या मधला तळ पुन्हा खरवडला जातो.

मधला भाग कडांपेक्षा १५ सेमी खाली ठेवायचा हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. दोन्ही काठांत बांध घुसवायचा हे मात्र राहून जातं. मदतीला आलेल्या माणसांनी वरचे दोन बांध काठाला नुसते टेकवून रचले. दुसऱ्याच आठवड्यातल्या साध्या सरीने पाणी बांधाला वळसा घालून गेलं आणि काठाचं भगदाड बांधाहून रुंद झालं. बांध जसाच्या तसा उभा, पाणी शेजारून. दोन्ही उकलून काठात अर्धा मीटर खाच घेऊन नव्याने रचले. दगडांखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), आणि खालच्या अंगाला पाणी पडतं तिथे हातभर लांबीचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. दगड वेगवेगळ्या आकाराचे लागतात. सगळे मोठे असतील तर पाणी फटींतून सुसाट जातं आणि गाळ काही थांबत नाही.

१९ मार्च

आवाराच्या कोपऱ्यातून येणारं पाणी उचलून तिरकं नेणारा गवती चर. लांबी २४ मीटर, तळ ६० सेमी, बाजू एकास तीन, म्हणजे गवत कापायचं यंत्र सहज फिरतं. जमिनीचा उतार सहा असला तरी चर तिरका नेल्याने त्याचा स्वतःचा उतार दोनवर आणता आला. चरातही २० सेमी उंचीचे छोटे दगडी अडथळे, दहा मीटरवर.

चरात किती पाणी येईल याला एमिल क्युइचलिंग यांनी १८८९ मध्ये रॉचेस्टरच्या गटारांसाठी वापरलेलं सूत्र अजूनही पुरतं, जागा लहान असेल तर. वाहून येणारा भाग गुणिले पावसाचा जोर गुणिले क्षेत्रफळ. तासाला ६० मिमी जोराच्या सरीत आवारातून ०.९ × ६० × १८० भागिले ३,६००, म्हणजे सेकंदाला २.७ लिटर. चराच्या वरच्या ४५० चौरस मीटर जमिनीतून सव्वादोन. पाऊसबाग भरून सांडली तर तिचे १.८. बेरीज पावणेसात लिटर.

खोदाई यंत्र आलंच होतं. पुन्हा आणायचं तर वाहतुकीचा खर्च दुप्पट, म्हणून उजवीकडचा खडीचा चरही आजच खोदून घेतला: ९ मीटर लांब, ७५ सेमी रुंद, एक मीटर खोल. वर ताडपत्री टाकून कडांवर दगड ठेवले. वरची जमीन अजून उघडी होती. आधी कळस मग पाया म्हणतात, तो प्रकार.

२ एप्रिल

रात्री जोरदार पाऊस. सकाळी फिरून बघितलं, वरून खाली.

खडीचा चर: ताडपत्रीत पाण्याचा डोह झाला, ती वजनाने आत कोसळली आणि उघड्या जमिनीवरचा गाळ तिच्यावरून चरात. पाणी दोन दिवस तसंच उभं. ओसरल्यावर तळावर बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला चॉकलेटी थर होता, वाळून भेगा पडलेला. त्यावर पुन्हा चाचणी घेतली: १६ मिमीच्या जागी ४. एवढ्या पातळ थराने तळ बंद केला. खडी भरल्यावर हे घडलं असतं तर सगळी खडी उपसून काढण्यावाचून इलाज नव्हता. आत्ता तळ हातानेच दहा सेमी खरवडून काढला. यंत्राचं वाचलेलं भाडं या मजुरीत गेलं, वर थोडं जास्तच. खरवडल्यावर आकडा पुन्हा १५-१६ वर आला. चराच्या चारही बाजूंनी मातीचा वीतभर उंच बांध घातला आणि वरची जमीन गवताने धरेपर्यंत त्यात काहीही भरायचं नाही असं ठरवलं.

गवती चर: बी पेरून वर भुसा टाकला होता. बी, भुसा आणि वरची दोन बोटं माती, सगळं खालच्या अडथळ्याशी जमा. चर तयार झाला म्हणजे त्यात पाणी सोडता येतं असं नाही, आधी गवत उभं राहावं लागतं. आता आवाराच्या कोपऱ्यावर रेतीच्या पोत्यांचा आडोसा करून पाणी तात्पुरतं पाइपने दगडी बांधांच्या ओघळात सोडलंय. चर पुन्हा तासून, बी पेरून, काथ्याची जाळी अंथरली. जाळीचं वरचं टोक १५ सेमी खोल खाचेत पुरलं. जाळी मातीला सगळीकडे चिकटलेली हवी. ती ताणून लावली की खळग्यांवर अधांतरी राहते आणि पाणी तिच्याखालून वाहतं, म्हणून सैल अंथरून पायाने दाबत दाबत खिळे मारले.

उतारावर आडवे काथ्याचे लोड ठेवले होते. जे खाचेत बसवले होते ते टिकले, जे नुसते खुंट्यांनी अडकवले होते त्यांच्याखालून पाण्याने बोगदे केले. सगळे उचलून पाच-सात सेमी खाचेत बसवले.

कापड मात्र ठाम उभं. मागे वाळूचा लांबच लांब पट्टा साचला. तो काढून वरच पसरला.

१४ एप्रिल

गवती चराच्या शेवटी पाणी थोडा वेळ थांबवणारा उथळ खळगा. धारण सुमारे साडेपाच हजार लिटर, खोली ४० सेमी. सगळा वाद त्याच्या बाहेर पडायच्या छिद्रावर झाला.

छिद्रातून किती पाणी जाईल ते वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. उंची चौपट झाली तर प्रवाह दुप्पट, एवढंच. ४० सेमी उंचीला ७५ मिमी छिद्रातून सेकंदाला साधारण ७.४ लिटर जातात. आत येणारं पावणेसात. म्हणजे ते छिद्र असून नसल्यासारखं, खळगा भरत आला की आलेलं सगळं पाणी ते तसंच सोडणार. ५० मिमीला ३.३ लिटर, हे हवं होतं, पण एवढ्या छिद्रावर दोन ओली पानं बसली की संपलं. गंमत म्हणून नव्हे, मुद्दाम बादलीभर पाचोळा टाकून बघितलं. छिद्र लगेच चोंदलं.

तोडगा असा: छिद्र ५० मिमीचंच ठेवलं, पण पाइपच्या आतल्या टोकाला खाली तोंड केलेला बेंड लावला. तरंगणारा कचरा वर राहतो, पाणी खालून घेतलं जातं. बेंडभोवती जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्याभोवती मूठभर आकाराचे दगड. पिंजऱ्याचं क्षेत्रफळ छिद्राच्या शेकडो पट आहे, तेव्हा अर्धा पिंजरा पाल्याने झाकला तरी छिद्राला पाणी पुरतं. पुन्हा पाचोळा टाकला. पिंजरा माखला, प्रवाह तोच राहिला.

हा खळगा सलग जोराच्या पावसात वीसेक मिनिटांत भरतो. त्यानंतरच्या पाण्यासाठी १.२ मीटर रुंद सांडवा, कठीण जमिनीत, भरावात नाही. भरावावर सांडवा केला की एक दिवस सांडवा आणि भराव दोन्ही जातात. सांडव्याखालच्या पिचिंगला आधी जाड रेतीचा थर, मग दगड. नुसते दगड मातीवर ठेवले तर फटींतून माती निघून जाते आणि दगड एकेक करून बसत जातात.

५ मे

गवत चांगलं धरलं. रेतीची पोती काढून आवाराचं पाणी चरात सोडलं. आता खडीचा चर भरायला हरकत नाही.

उजव्या छपराचं २५ मिमी पावसाचं पाणी २,७०० लिटर. खडीतली पोकळी ४० टक्के धरून चराची ६.७५ घनमीटर जागा अगदी बरोबर बसते. ४० टक्के हा आकडा पुस्तकातला आहे, तो आलेल्या खडीला लागू पडतो का ते वीस लिटरच्या बादलीने कळतं. बादली खडीने काठोकाठ भरायची आणि मोजून पाणी ओतायचं. आठ लिटर मावलं तर ४० टक्के. आमच्या खडीत सहा लिटरच मावलं आणि वर चहासारखं पाणी आलं. खडी न धुतलेली, बारीक चुरा मिसळलेली. ३० टक्क्यांनी तोच चर २,०२५ लिटर धरतो. शिवाय तो चुरा पावसागणिक तळाशी जाऊन नेमका २ एप्रिलचाच थर पुन्हा तयार करणार.

पुरवठादार म्हणाला, खडी ती खडी. मोठ्या चाळणीवर टाकून नळीने धुतली. कंटाळवाणं काम आणि पाणी भरपूर. धुतलेलं गढूळ पाणी कापडामागच्या खड्ड्यात सोडलं, बागेच्या जागेकडे जाऊ दिलं नाही. धुतल्यावर बादलीत आठला थोडं कमी मावलं, चालेल.

जिओटेक्स्टाइल विणलेलं आलं होतं, पट्ट्यांचं, पोत्यासारखं. ते परत केलं. बाजूंना न विणलेलं, नमद्यासारखं हवं. तळाला कापड मुद्दाम घातलं नाही. गाळ पहिल्यांदा तिथेच अडतो, आणि तळाचं कापड चोंदलं की ते बदलायला सगळं उपसावं लागतं. त्याऐवजी खरवडून मिळालेल्या दहा सेमीत धुतलेली जाड रेती. मग खडी, वर कापडाची घडी, त्यावर आणखी थोडी खडी, जी पुढेमागे काढून धुता येईल.

चराच्या मध्यात भोकं पाडलेला उभा पाइप, वर टोपण. आत पट्टी सोडली की पाणी किती उभं आहे ते समजतं. हा पाइप नसेल तर चर चालू आहे की मेला आहे हे कळायला काहीच मार्ग नाही. मीटरभर खडी पाण्याने भरली तरी पोकळीतलं पाणी ४० सेमीइतकंच. गणिताने ते ताशी १६ मिमीने २५ तासांत उतरायला हवं.

छपराच्या पाइपचं पाणी चरात जाण्याआधी गाळकुंडी. पन्हळीतली पानं, छपरावरची धूळ, सगळं तिथे बसतं. बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड कुंडीच्या तळापासून ४० सेमी वर.

२० मे

पाऊसबाग. डाव्या छपराचे २,७०० लिटर, तळ १८ चौरस मीटर, पाणी १५ सेमी उभं राहील इतकी खोली. ताशी २२ मिमीने ते सात तासांच्या आत जिरावं. डासांना अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे शेजाऱ्यांची ती शंका या हिशेबाने मिटली.

तळ एकदम सपाट लागतो, हे पातळीच्या नळीनेच करायचं. खोदाई हाताने केली, यंत्राला तळावर येऊ दिलं नाही. तरी माणसांच्या पायांनीही माती दबते, म्हणून शेवटी फळ्यांवर उभं राहून काट्याने वीतभर खोल सैल केली. मिश्रणात निम्म्याहून जास्त रेती, बाकी वरची माती आणि कंपोस्ट. कंपोस्ट जास्त घालायचा मोह होतो, पण ते कुजून बसतं आणि तळ खचतो.

बागेच्या खालच्या काठाला सांडवा, तळापासून १५ सेमीवर. काठ त्याहून आणखी दहा सेमी उंच. झाडं लावताना तळाला भिजणं आणि कोरडं दोन्ही सोसणारी, काठावर कोरड्यातली. कोणतं रोप कुठे लावायचं यावर सगळ्यांची चर्चा रंगली, त्यात मी फारसं पडलो नाही.

९ जून

दीर्घ, जोरदार पाऊस. पाऊस पडत असतानाच फिरलो. उरलेल्या खुणांवरून नंतर अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बागेत पाइपच्या तोंडाशी पाण्याने खड्डा केला आणि तिथली माती बागभर पसरली. आच्छादनाला लाकडाच्या चपट्या ढलप्या वापरल्या होत्या, त्या तरंगत सांडव्यावर जाऊन बसल्या आणि पाणी काठावरून दुसरीकडूनच सांडायला लागलं. पावसातच हाताने सांडवा मोकळा केला. नंतर तोंडाशी दगडांचा उथळ थाळा केला आणि ढलप्यांऐवजी तंतुमय, एकमेकांत गुंतणारं आच्छादन टाकलं. ते जागचं हलत नाही.

पाऊस थांबल्यावर खडीच्या चराच्या पाइपमधलं माप घेतलं, पोकळीच्या हिशेबाने ते ३४ सेमी पाणी झालं. गणिताने एकवीसेक तासांत उतरायला हवं होतं, पण रात्रीतच संपलं. आकडे जुळेनात, तेव्हा खरोखरच पाणी कुठे मुरतंय ते शोधायला निघालो. खालच्या टोकाला चराच्या बाजूने जुन्या, कुजलेल्या मुळाची पोकळी होती. तिथून पाझरून पाणी जमिनीवर येत होतं, तेही स्वच्छ. तेवढा भाग उकरून चिकणमातीने ठोकून बंद केला. पुढच्या सरीत वेळ हिशेबाच्या जवळ आली. बाजूंनीही थोडं जिरत असल्यामुळे अजूनही थोडी लवकरच, ते चांगलंच.

खळगा भरला, सांडवा थोडा वेळ वाहिला. पिंजऱ्याभोवती पाल्याची दाट गादी, तरी छिद्र चालू. ओघळात बांधांमागे वाळू साठून पायऱ्या तयार होऊ लागल्या आहेत. माथा हललेला नाही.

२८ जून

खर्चाबद्दल विचारणा होते म्हणून. सगळ्यात मोठा वाटा दगड-खडीच्या वाहतुकीचा, मालाचा नव्हे. त्यानंतर मजुरी, आणि मजुरीतला बराच भाग दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा: दोन बांध, चराचा तळ, गवती चराची पेरणी. कापड, जाळ्या, पाइप मिळून त्या मानाने किरकोळ. वेळ सगळ्यात जास्त गवताची वाट बघण्यात गेला, आणि तो कमी करता येत नाही.

गाळ अडवणारं कापड आज काढलं. उतार हिरवा झाल्यावर ते ठेवून उपयोग नाही, फाटून नाल्यात जातं. काढताना त्यामागचा उरलेला गाळ आधी उचलला, खाच बुजवून तिथेही बी टाकलं.

१८ ऑगस्ट

गाळकुंडी उघडली. तळाला चार बोटं काळा, बारीक गाळ, बहुतेक छपरावरची धूळ. कुंडी नसती तर हे सगळं खडीत गेलं असतं. पन्हळीवर जाळी बसवली होती, ती पानांनी झाकून पाणी वरून उडत होतं, म्हणून ती काढून छपरावरून उतरणाऱ्या पाइपच्या वरच्या टोकाला तिरकी जाळी लावली. तिच्यावरून पानं स्वतःच घसरतात.

एक प्रश्न शिल्लक आहे. आवाराच्या कडेला मीटरभर रुंदीचा पट्टा जाळीदार फरशीचा करून बघितला, सांध्यांत रेती न घालता बारीक धुतलेली खडी घालून. पाणी उत्तम जातं, पण गाड्यांच्या चाकांतली माती नेमकी तिथेच झडते आणि वरच्या दोन सेमीत सांधे भरत चाललेत. झाडून निघत नाही, ओढून काढावं लागतं. सांधे पोकळ करून नवी खडी घालायची, की गाड्या थांबायची जागाच वरच्या बाजूला हलवायची, हे पुढच्या हंगामाआधी ठरवायचं आहे. पहिलं करून बघायला सोपं आहे, म्हणून आधी तेच.